बेसबॉलच्या मैदानावर महाराष्ट्र नाइट

ट्रॉय, मिशिगन
११ मे

वेदांत,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. ईमेलमध्ये खोडलेलं दिसत नाही, म्हणून सांगून टाकते. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, तेव्हा जे काही असेल ते लिहून सांगत जाऊ, हा तुझाच ठराव. मी लिहिते आणि तू उत्तर म्हणून अंगठा पाठवतोस. चालेल. लग्नाला चार वर्षं झाल्यावर नवऱ्याकडून निदान अंगठा तरी येतो, म्हणायचं.

तू तुझ्या आईंना सांगितलंस म्हणे, की ज्ञानदा एका अमेरिकन टीमच्या मार्केटिंगमध्ये आहे. ऐकायला छान वाटतं. मी तिकिटं विकते. हेरॉन्स नावाची बेसबॉलची टीम आहे, हेरॉन म्हणजे बगळा, आणि टीव्हीवर दिसणाऱ्या लीगच्या कितीतरी पायऱ्या खाली ती खेळते. मी कानाला हेडसेट लावून दिवसभर दातांच्या डॉक्टरांना, विमा एजंटांना आणि चर्चच्या ऑफिसांना फोन करते आणि विचारते, की यंदा तुमच्या लोकांना घेऊन गेमला याल का. बहुतेक जण माझं नाव ऐकायच्या आत फोन ठेवतात. नाव मी 'डी' सांगते. ज्ञानदा म्हणण्याइतका वेळ कोणी देत नाही.

हसू नकोस. या धंद्यात शिरायला दुसरं दार नाही. आमच्या क्लबचा प्रेसिडेंटसुद्धा अभिमानाने सांगतो, की त्याने सुरुवात फोनवर तिकिटं विकून केली. आमच्या खोलीत माझ्यासारखी बरीच पोरं आहेत, सगळी माझ्याहून लहान. कोणाला पुढे खेळाडूंचे करार करायचे आहेत, कोणाला टीम चालवायची आहे. सीझन संपला की त्यातल्या एक-दोघांनाच ठेवून घेतात. भिंतीवर एक पितळी घंटा आहे. मोठा ग्रुप विकला गेला की विकणाऱ्याने उठून ती वाजवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, पोटात कितीही दुखत असलं तरी.

आता बातमी. इथे दर आठवड्याला कसली तरी 'नाइट' असते. पोलिश नाइट, फायरफायटर नाइट, लोक आपापली कुत्री घेऊन येतात ती डॉग नाइट. मी माझ्या बॉसला, टायलरला, म्हटलं, मग महाराष्ट्र नाइट का नाही? या गावात पुण्याचे इंजिनिअर पायलीला पन्नास आहेत. तो आधी नुसता बघत राहिला. मग म्हणाला, स्टँडचा एक अख्खा सेक्शन भरून दाखव. हे लोक फक्त तूच आणू शकतेस हे मालकांना दिसलं, की तुझ्या व्हिसाचं मी स्वतः त्यांच्याशी बोलतो.

याचा अर्थ तुला सांगायला नको, तरी लिहिते, कारण आपलं ठरलेलं आपण दोघं वेगवेगळं आठवतो. इथलं शिक्षण संपल्यावर मिळालेली कामाची वर्षभराची परवानगी लवकरच संपते. या नोकरीवर माझा स्वतःचा व्हिसा झाला, तर आपण बरोबरीने बसून ठरवायचं, की एकत्र राहायचं का आणि कुठे. नाही झाला, तर मी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला परत, तुझ्या व्हिसावर, तुझी डिपेंडंट म्हणून. त्या फ्लॅटमध्ये मी दोन वर्षं काढली, वेदांत. तू वाईट वागला नाहीस. पण पुण्यात कबड्डी लीगमध्ये असताना मी एका हिंगवाल्याला स्पॉन्सर करून त्याचं नाव खेळाडूंच्या छातीवर आणून दाखवलं होतं, आणि सनीव्हेलमध्ये मला काम करायला कायद्याने मनाई होती. दुपारी मी खिडकीतून तुमच्या कंपन्यांच्या शटल बस बघत बसायचे. तिथे परत जायला लागू नये म्हणून मी हे सगळं करतेय. तुझ्यापासून पळतेय असं तू समजतोस, ते अर्धंच खरं आहे.

ज्ञानदा


ट्रॉय
२२ जून

वेदांत,

या वेळी दोन अंगठे आले. प्रगती आहे.

काल प्रल्हादकाकांकडे गेले होते. इथल्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. गाड्यांच्या कंपनीत आयुष्यभर सीटबेल्टचं डिझाइन केलं, आता रिटायर होऊन मंडळ सांभाळतात. सरलाकाकूंनी दारातच विचारलं, "जेवून आलीस की जेवायचंय?" आणि उत्तराची वाट न बघता पान घेतलं. इतक्या महिन्यांनी कोणीतरी वाढलेलं जेवले. आमटीत गूळ जास्त होता, तरी दोनदा घेतली.

"बेसबॉल म्हणजे आपलं क्रिकेटच की," काका म्हणाले. "फक्त रन काढायची कोणाला घाई नसते."

"तिकिटात जेवण इन्क्लूडेड आहे का गं?" काकूंनी विचारलं.

"हॉट डॉग मिळतात, काकू. व्हेज पिझ्झा पण आहे."

"मग तसं आधी सांग सगळ्यांना. आपले लोक गेम कोणाशी आहे ते नाही विचारणार, जेवणाचं विचारतील."

"आणि डेट?" काका म्हणाले.

तारखेची तयारी मी करूनच गेले होते. आईने पुण्याहून पाठवलेली दिनदर्शिका बरोबर नेली होती. गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला. म्हणजे मंडळाचा गणपती त्याच्या पुढच्या शनिवारी असणार, नाहीतर अनंत चतुर्दशीच्या. मी ते दोन्ही शनिवार सोडले आणि चतुर्थीच्या आधीचा धरला, २३ ऑगस्ट. टीमचा गेम त्या दिवशी घरच्या मैदानावर आहे, लोक मोकळे असतील, ढोल पथकाची प्रॅक्टिस झालेली असेल, आणि सण तोंडावर आला की माणसांना आपोआप उत्साह येतो. दिनदर्शिका उघडून दाखवली तर काकांना भरूनच आलं. "ब्रिलियंट," म्हणाले. "इथे कोण बघतं गं एवढं? पूर्ण मंडळ आणतो बघ मी."

निघताना काकू म्हणाल्या, "तू मेंबर हो ना. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतात, सगळं कळत राहतं."

मेंबरशिप दोन प्रकारची आहे, फॅमिली आणि सिंगल.

"मिस्टर कुठे असतात?" काकूंनी विचारलं.

"सनीव्हेलला. त्याचा जॉब तिकडे आहे."

"मग फॅमिलीच घे. येतीलच की ते इकडे कधीतरी."

मी बघते म्हटलं. गाडीत बसून फोनवर त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. फॅमिली म्हणावं तर ते खरं नाही, आणि सिंगल म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत ट्रॉयभर झालं असतं आणि आठवड्याच्या आत तुझ्या आईंच्या कानावर गेलं असतं. मी काहीच निवडलं नाही. काकांचा नंबर आहे माझ्याकडे, तेवढा पुरे.

ज्ञानदा


ट्रॉय
२७ जुलै

वेदांत,

तू अख्खा एक प्रश्न पाठवलास, की गेम तरी बघायला मिळतात का. म्हणून खरं उत्तर देते. नाही मिळत. गेम चालू असतो तेव्हा मी स्टँडच्या पायऱ्यांवर उभी असते, माझे ग्रुप आलेत का, खुर्च्या बरोबर मिळाल्या का ते बघत. मैदान पाठीमागे आणि तोंड लोकांकडे. काय झालं ते मी लोकांच्या चेहऱ्यांवरून ओळखते. पुण्यातही हेच करायचे. मॅच संपल्यावर चोपडा हिंगवाले काय तोंड करून बाहेर पडतात त्यावर माझं पुढचं वर्ष ठरायचं. मला हे आवडतं, वेदांत. खेळ आवडतो तो खेळेल नाहीतर बघेल, तिसरं काय असतं, असं तू म्हणायचास. तिसरं हे असतं.

बाकी सगळं उत्तम चाललंय. महाराष्ट्र नाइटचे टी-शर्ट छापून आले, त्यांच्यावर देवनागरीत 'हेरॉन्स' लिहिलंय. टायलरने तो शब्द हाताच्या पंजावर पेनने काढून घेतला आणि दिवसभर सगळ्यांना दाखवत हिंडला. अथर्व नावाचा एक मुलगा आहे, इथे पीएचडी करतो, ढोल पथक चालवतो. त्याचं पथक गेमच्या आधी मैदानात वाजवणार. मालक स्वतः यायचे आहेत. त्यांनी फेट्यांचे फोटो पाहिले आणि आपल्यालाही बांधायला सांगितलाय.

उत्तम म्हटलं खरं. एक गोष्ट तेवढी उत्तम नाही. तिकिटं कोणी काढत नाही. मी फोन करते, माणसं किती गोड बोलतात. "अगं नक्की येऊ," म्हणतात. "आमची जागा धरून ठेव," म्हणतात. "दारावर घेऊ ना, प्लॅन चेंज होतात शेवटी." टायलरला हे झेपत नाही. त्याच्या देशात येणार म्हणजे आधी तिकीट घेणार. त्याने मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "डी, आर यू शुअर?" मी म्हटलं, आमच्यात असंच असतं, हे लोक लग्नालासुद्धा आयत्या वेळी ठरवून येतात आणि तरी हॉल भरतो. माझा शब्द घे. त्याने घेतला. तो सेक्शन बाकीच्यांना विकायचा बंद केला आणि माझ्या नावावर लावून ठेवला.

गेल्या आठवड्यात आमच्या खोलीतल्या दोघांना कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्च्याही नव्हत्या. मी झोपतेय का असं तू विचारू नयेस म्हणून आधीच सांगते, झोपतेय.

ज्ञानदा


ट्रॉय
१७ ऑगस्ट

वेदांत,

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. नुसतं वाच.

काल अथर्व मैदान बघायला आला होता. ढोल कुठून आत आणायचे, कुठे उभं राहायचं, सगळं मापून झालं. जाताना सहज म्हणाला, "ताई, आम्ही पाचपर्यंत पोचतो. सकाळी गणपतीत वाजवून डायरेक्ट इकडेच येऊ."

"कुठला गणपती?"

"मंडळाचा. शनिवारी आहे ना."

"अरे, चतुर्थी बुधवारी आहे."

"हो, पण शाळेच्या जिमचा हॉल शनिवारचाच मिळाला यार. नंतर लाँग वीकएंड, सगळे आउट ऑफ टाउन. मग शाळा सुरू होते, ते जिम देत नाहीत. तुला ग्रुपवर मेसेज नाही आला? मला वाटलं, तू म्हणूनच तो दिवस घेतलास. सगळे एकत्र असणार म्हणून."

मी तिथेच पायरीवर बसले. अमेरिकेत इतकी वर्षं काढून मी गणपती दिनदर्शिकेत शोधला. इथे तो शाळेच्या रिकाम्या जिममध्ये शोधायचा असतो. तो चतुर्थीच्या आधीच बसतो आणि त्याच संध्याकाळी उठतो, कारण जिम झाडून परत द्यायची असते. मला हे माहीत नव्हतं का? सनीव्हेलला आपण दिवाळीचा फराळ दिवाळी होऊन गेल्यावर कितीतरी दिवसांनी खाल्ला होता, आणि त्यावर मीच सगळ्यात जास्त हसले होते.

तशीच काकांकडे गेले. जुलैभर ते पुण्यात होते, पुतण्याच्या लग्नाला. हॉलचं कमिटीने परस्पर ठरवलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, ग्रुपवर किती वेळा आलं! मी म्हटलं, हिला चालत असेल म्हणून ही काही बोलत नाही."

"मी ग्रुपवर नाहीये, काका."

"का बरं?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेल्या. सिंगल लिहिलं असतं तरी मी त्या ग्रुपवर असते आणि फॅमिली लिहिलं असतं तरी असते. दोन्हीपैकी कुठलंही चाललं असतं. आपण काय आहोत हे मला एका शब्दात सांगता आलं नाही, म्हणून मला गणपती कधी आहे ते कळलं नाही.

गेमची तारीख लीग ठरवते, ती हलत नाही. काका म्हणाले, "तू टेन्शन घेऊ नको. महाआरती चारला उरकतो आणि सगळ्यांना गाड्यांत घालून आणतो. आधी गणपती, मग गेम. लोकांना मजाच वाटेल."

मी टायलरला काही सांगितलेलं नाही. सांगायला हवं, मला कळतं. पण सांगितलं तर तो सेक्शन काढून घेईल, आणि काकांनी खरंच माणसं आणली तर बसवू कुठे? मला काकांवर विश्वास ठेवायचाय. दुसरं काही माझ्या हातात नाही.

ज्ञानदा


ट्रॉय
२४ ऑगस्ट

वेदांत,

कसं झालं, असं तू विचारलंयस. शेवटी प्रश्नचिन्हाबरोबर एक ढोलही पाठवलायस.

दुपारी मी मालकांना फेटा बांधला. भगवा. आरशात बघून ते इतके खूश झाले, की त्यांनी बायकोला फोटो पाठवला. गेटवर टी-शर्टच्या घड्या लावून ठेवल्या होत्या. मोठ्या पडद्यावर 'वेलकम महाराष्ट्र' लिहिलं होतं. मी पैठणीच्या काठाचा कुडता घातला होता, तू लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला घेतलेला. उगाच सांगितलं.

पाचला अथर्वचा मेसेज आला, "ताई, प्रोग्रॅम लेट झालाय. मुलांचे डान्स चालू आहेत. आमचा स्लॉट अजून आलाच नाही." मग आला, "जेवणाची लाइन संपत नाहीये." मग, "आता विसर्जन मिरवणूक काढतायत पार्किंग लॉटमध्ये. आम्हाला सोडत नाहीत. सो सॉरी." काका फोन उचलत नव्हते. मागे आरतीचा गलका चालू असताना त्यांनी एकदाच उचलला. मला फक्त "निघतोय, निघतोय" ऐकू आलं.

गेम सुरू झाला. आजूबाजूचे सेक्शन भरलेले, लोक मुलांना खांद्यावर घेऊन उभे, आणि मधे माझा रिकामा. कोणी एक माणूस नाही. टायलर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "दे आर कमिंग, राइट?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने त्याने परत विचारलं आणि मी परत हो म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. मालक वर आपल्या काचेच्या बॉक्समध्ये बसून खाली बघत होते, डोक्यावर मी बांधलेला फेटा.

अर्धा गेम झाल्यावर गेटवरून मला बोलावणं आलं. काका आणि काकू आले होते. काकांच्या झब्ब्यावर गुलाल, काकूंच्या हातात मोदकांचा डबा. बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी नाही, तर काका गार्डला समजावत होते, "सर, धिस इज नॉट फूड. धिस इज प्रसाद." शेवटी डबा गाडीत ठेवून आले.

"बाकीचे?" मी विचारलं.

"निघाले होते गं सगळे," काका म्हणाले. "पण मुलांचे डान्स संपेनात. स्वतःचं मूल स्टेजवर असताना कोण उठणार? मग जेवणं झाली. मग दमले."

मी त्यांना सेक्शनच्या मधोमध नेऊन बसवलं. कुठे बसवणार दुसरीकडे? सगळ्या खुर्च्या त्यांच्याच होत्या. आणि तेव्हाच, ठरल्याप्रमाणे, कॅमेरा आमच्याकडे वळला. ते आधीच ठरलेलं होतं, थांबवायचं कोणाला सुचलं नाही. निवेदक आनंदाने ओरडला, की आज आपल्यात महाराष्ट्राचे लोक आले आहेत, आणि मोठ्या पडद्यावर एवढ्या खुर्च्या आणि त्यांत दोन म्हातारी माणसं दिसली. काका उठले. त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्या स्टेडियमला नमस्कार केला. काकू त्यांचा झब्बा ओढून खाली बसवत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वेदांत. कोणी चिडवून वाजवल्या नाहीत, चांगल्या मनाने वाजवल्या. वर बॉक्समध्ये मालकांनीही वाजवल्या. मला त्या क्षणी तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं.

काका शेवटपर्यंत बसले. त्यांना नियम कळत नव्हते, तरी ते दोन्ही टीमना टाळ्या देत होते. जाताना माझा हात हातात धरून म्हणाले, "मी शब्द दिला होता गं तुला." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची समजूत काढावी लागली, आणि त्यात माझं रडायचं राहून गेलं.

ज्ञानदा


ट्रॉय
७ सप्टेंबर

वेदांत,

टायलर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दार लावून घेतलं, मला पाणी दिलं आणि म्हणाला, मी पाहिलेल्या सगळ्यांत जास्त मेहनत करणाऱ्यांपैकी तू आहेस. या देशात माणसाला काढायच्या आधी असं म्हणतात. मग त्याने विचारलं, "डिड यू नो?" मला आधी माहीत होतं का?

मी म्हटलं, आठवडाभर माहीत होतं.

तो म्हणाला, तू सांगितलं असतंस तर मी सेक्शन विकून टाकला असता, नाइट पुढच्या वर्षी केली असती, आणि मालकांना म्हटलं असतं, की ही मुलगी वेळेवर सावध करते. मी तुझ्या शब्दावर त्यांच्याकडे गेलो होतो. आता व्हिसाचं कुठल्या तोंडाने बोलू?

त्याच्या बोलण्यात एकही गोष्ट चुकीची नव्हती. सीझन संपतोय, त्याबरोबर मीही. डॉग नाइट विकणाऱ्या मुलाला ठेवलंय. त्याने काल घंटा वाजवली आणि मी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून मी अर्ज करतेय. हॉकी, फुटबॉल, बास्केटबॉल, कुठल्याशा गावातली बाउलिंग लीगसुद्धा सोडली नाही. सगळीकडे शेवटी तोच प्रश्न असतो, तुम्हाला व्हिसासाठी कंपनीची गरज लागेल का? हो म्हटलं की पुढे शुकशुकाट. ओहायोतल्या एका बाई माझ्याशी तासभर बोलल्या, हसल्या, कबड्डीबद्दल विचारलं, आणि या प्रश्नावर येऊन म्हणाल्या, "ओह, हनी." खेळाच्या धंद्यात रांगेत इतकी पोरं उभी आहेत, की वकील लावून कोणाला ठेवून घ्यायची कोणाला गरज नाही. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं वेगळं. सगळे सांगतात, या लाइनमध्ये चिकाटी लागते. चिकाटी आहे माझ्याकडे. राहायची परवानगी नाही.

मंडळातल्या लोकांचे मेसेज येतात. काकूंनी माझा नंबर दिला असेल. "सॉरी गं, खूप यायचं होतं. नेक्स्ट इयर नक्की." प्रत्येक जण मनापासून लिहितो. मी सगळ्यांना 'नक्की' असं उत्तर देते.

तू 'ये' एवढंच लिहिलंयस. एक अक्षर, त्यावर एक मात्रा. मी ते दिवसभर उघडून बघत होते. राग यावा अशी वाट बघत होते, पण राग आला नाही. पुण्याला जावं का, असाही विचार केला. पण पुण्यातली माझी जागा केव्हाच भरली, आणि आईला तोंड दाखवण्यापेक्षा तुला दाखवणं सोपं वाटतं. हे काही तुझं कौतुक नव्हे.

ज्ञानदा


ट्रॉय
२१ सप्टेंबर

वेदांत,

विमानाचं तिकीट मिळालं. शनिवारी दुपारी पोचते. घ्यायला ये. दोनच बॅगा आहेत.

तुझं पत्र वाचलं. पहिल्यांदाच इतकं लांब लिहिलंस. खिडकीजवळचं टेबल माझ्यासाठी मोकळं केलंस, बरं केलंस. तुमच्या कंपन्यांची क्रिकेट टूर्नामेंट असते, तिचं सगळं मॅनेजमेंट मी बघावं असं तू ती भरवणाऱ्या गिरीशला बोलून ठेवलंयस. पगार देता येणार नाही, पण 'तुझ्या आवडीचं काम' असं लिहिलंयस. तू ते माझ्यासाठी हिंडून, चार लोकांना विचारून शोधलंस हे मला दिसतं. वाचून मी जमिनीवर बसले, कारण खुर्ची विकून झाली होती. करीन मी ते काम. मैदानं बुक करीन, टाइमटेबल लावीन, सामोसे वेळेवर मागवीन. माझ्या व्हिसावर तेवढंच चालतं.

आपण काय ठरवलं होतं ते आता कोणी काढायला नको. बरोबरीने बसून ठरवायचं होतं, ते होणार नाही. मी तुझ्याकडे राहायला येतेय. एकत्र राहायचं की नाही हा प्रश्न मला आता विचारता येत नाही, आणि तू विचारणार नाहीस, कारण तू भला माणूस आहेस. मला याचीच भीती वाटत होती. मारकुट्या नवऱ्याकडे परत जायला लागलं असतं, तर लोकांनी मला अडवलं तरी असतं.

एकच मागणं आहे. तू आईंना, गिरीशला आणि त्याच्या बायकोला सांगितलंयस, की ज्ञानदा करिअरमधून ब्रेक घेतेय. माझी लाज राखायला सांगितलंस, मला माहीत आहे. ते सांगू नकोस. ब्रेक घेणारीला हवं तेव्हा परत खेळायला मिळतं. मी ब्रेक घेतलेला नाही. मी एका परक्या गावात जाऊन, अनोळखी लोकांना फोन करून, ज्यांच्यावर विसंबायला नको त्यांच्यावर विसंबून, एक काम करायला गेले आणि हरले. हरणाऱ्याचंही नाव लागतं, वेदांत. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन्ही टीमची नावं येतात, कोण हरलं ते लिहून. नाव येत नाही ते फक्त मैदानात न उतरलेल्याचं.

मी उतरले होते. कोणी विचारलं, बायको काय करते, तर म्हण, ती हरून आली आहे.

ज्ञानदा